रोज सहा तास अभ्यास आणि तरी अकाऊंट्सला 31 : सीए फाउंडेशनच्या एका विद्यार्थिनीच्या वेळेचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामेबहिणीचं आहे, तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र देत नाही. राहायला टिटवाळ्याला, घर वन रूम किचन, मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला, मामी घरून पोळी-भाजीचे डबे देते, धाकटा भाऊ आठवीत. मुलगी एफवायबीकॉमला, कॉलेज ठाण्यात आणि सकाळचं, पहिलं लेक्चर सात वीसला. जोडीला सीए फाउंडेशन, म्हणजे चार्टर्ड अकाऊंटंट व्हायच्या वाटेवरची पहिली परीक्षा. बारावीनंतर लगेच जूनमध्ये पहिला अटेम्प्ट दिला, जुलैअखेर निकाल आला : अकाऊंट्स 31, लॉ 42, मॅथ्स 28, इकॉनॉमिक्स 45. प्रत्येक पेपरला 100 पैकी किमान 40 आणि चारही मिळून 400 पैकी 200 लागतात, हिचे झाले 146. फाउंडेशनला पुढच्या लेव्हलसारखं एखाद्या पेपरात एक्झेम्प्शन, म्हणजे चांगले मार्क पडलेला पेपर परत न द्यायची सूट, वगैरे काही नसतं, एक गेला तरी चारही परत द्यायचे.

घरात सगळ्यांचं एकच मत, पोरगी मेहनती आहे पण वेळेचं नियोजन नाही. तीसुद्धा हेच म्हणत होती. भिंतीवर रंगीत स्केचपेनने केलेलं टाइमटेबल होतं, पहाटे पाच ते सहा लॉ, दुपारी दोन ते चार अकाऊंट्स, संध्याकाळी सात ते दहा मॅथ्स, असं छान चौकटीत आखलेलं, आणि त्यातली एकही चौकट तिच्या खऱ्या दिवसाशी जुळत नव्हती, कारण पहाटे पाचला ती ओट्यापाशी डब्याच्या पोळ्या लाटत असते आणि संध्याकाळी सातला घरात टीव्ही, भावाचा होमवर्क आणि डबे भरणं हे सगळं त्याच एका खोलीत चालू असतं.

म्हणून मी म्हटलं की नवीन टाइमटेबल आत्ता करायचंच नाही. आधी एक आठवडा नुसतं लिहायचं. जुन्या बुक-कीपिंगच्या वहीच्या मागच्या पानांवर, दर अर्ध्या तासाला, तीन गोष्टी : किती वाजले, काय केलं, आणि त्यातून वहीत काय उतरलं. तिसरा रकाना महत्त्वाचा, त्याच्यावर पुढे येतेच. आणि लिहिताना वागणं सुधारायचं नाही, जे चाललंय तेच चालू द्यायचं, नाहीतर तो आठवडा खोटा होतो. ॲप वापर असं तिच्या मैत्रिणीनी सुचवलं होतं, मी नको म्हटलं, ॲप उघडायला फोन हातात घेतला की पुढची पंधरा मिनिटं कुठे जातात ते सगळ्यांनाच माहितीय.

लिहायच्या आधी तिला एक विचारलं, तुझा अंदाज काय, रोज किती अभ्यास होतो? ती म्हणाली, "ताई, सहा तास तर नक्की." म्हणजे आठवड्याचे 42.

आठवड्याचे एकूण तास 168. तिच्या वहीतून निघालेला हिशोब ढोबळमानाने असा. झोप 45 तास, त्यात दुपारची धरून. कॉलेज 24. प्रवास 18, म्हणजे घर ते स्टेशन, गाडीची वाट, गाडी, तिकडे चालणं सगळं. घरकाम 17. आंघोळ-जेवण 14. रेकॉर्डेड लेक्चर बघणं 16. स्वतः हाताने गणितं सोडवणं, उत्तरं लिहिणं 5. फोन 15. आणि उरलेले 14 तास पाहुणे, देऊळ, बाजार, नुसतं बसणं यातले.

म्हणजे 42 नाही, 21. आणि त्या 21 मधलेही 16 लेक्चर बघण्यात.

इथे ती रडली. मी तिला सांगितलं आणि इथेही लिहिते, की तिने खोटं सांगितलं नव्हतं. ती संध्याकाळी साडेसहाला पुस्तक घेऊन बसायची आणि साडेदहाला उठायची, त्यामुळे तिच्या डोक्यात तो चार तासांचा अभ्यास होता, आणि पाठ तर खरंच दुखायची. पण त्या चार तासांतल्या एका संध्याकाळची नोंद तिने जरा जास्त बारकाईने केली होती, ती अशीच्या अशी देते. "6.40 बीआरएसचं गणित काढलं. 6.45 आईने हाक, कुकर बंद कर. 6.50 परत. 6.55 डब्यांची झाकणं पुस. 7.10 भाऊ, अपूर्णांक. 7.30 परत, कुठे होते ते आठवेना, पहिल्यापासून. 7.40 खालून पाव आण. 8.00 टेलिग्राम. 8.20 परत." त्या संध्याकाळी एकूण 11 हाका. बीआरएसचं एकच गणित, बँकेचं पासबुक आणि आपलं कॅशबुक यातला फरक जुळवायचा, पंधरा-वीस मिनिटांचं काम, ते रात्री सव्वानऊला संपलं आणि तरीही टॅली झालं नाही.

आता यावर नेहमीचा सल्ला काय असतो, डिस्ट्रॅक्शन टाळा, खोलीचं दार लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोलीच नाहीये. आणि फोन लांब ठेवायचा तर लेक्चर कशावर बघणार, क्लासचं सगळं फोनवरच आहे. मला या विषयात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, वेळेच्या नियोजनावर जे काही वाचायला मिळतं त्यात असं गृहीत धरलेलं असतं की विद्यार्थ्याचा वेळ हा त्याचा एकट्याचा आहे, फक्त त्याला तो वापरता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पोरांचा, आणि पोरींचा तर जास्तच, वेळ हा घराचा असतो. हिच्या 17 तासांच्या घरकामावर मामीचा धंदा उभा आहे आणि त्याच धंद्यातून क्लासची फी गेलीय. ते तास वाया गेलेत असं मी म्हणूच शकत नाही. पण त्यांची मांडणी बदलता येते का, हे विचारता येतं, आणि ते मुलीला एकटीला ठरवता येत नाही, मामीला सोबत घेऊनच बसावं लागतं.

त्याआधी तिसऱ्या रकान्याबद्दल. वहीत काय उतरलं? लेक्चरच्या 16 तासांसमोर बहुतेक ठिकाणी "नोट्स" एवढंच लिहिलेलं, आणि त्या नोट्स म्हणजे सरांनी फळ्यावर जे लिहिलं ते उतरवून घेतलेलं. काही लेक्चर्स दुसऱ्यांदा बघितलेली, कारण पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं पण गणित सुटलं नाही, मग परत लेक्चर, ठरावीक वेळाच बघता येतं ते व्ह्यूज संपत आले, व्हॅलिडिटी संपत आली, त्याचं टेन्शन वेगळंच. दीडच्या स्पीडने बघते म्हणून वेळ वाचतो असं ती म्हणायची. पण तो वाचलेला वेळ पुढच्या लेक्चरलाच जायचा. सोडवायला बसलंय कोण? यावर 2006 सालचा रोडिगर आणि कारपिक यांचा एक अभ्यास फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. लेक्चर परत बघितल्यावर "हां, येतंय मला" असं वाटतं ते या पाच मिनिटांपुरतंच असतं, आणि फाउंडेशनचा पेपर काय पाच मिनिटांनी नसतो.

दुसरं एक मोजमाप आम्ही केलं, अंदाज आणि प्रत्यक्ष. गणित सुरू करायच्या आधी बाजूला पेन्सिलने लिहायचं किती मिनिटं लागतील, आणि संपल्यावर पेनाने किती लागली. तिचे अंदाज जवळपास निम्मे निघायचे. वीस म्हटलं की चाळीस. हे तिचंच असं काही नाही, सगळ्यांचंच होतं. 1994 साली कॅनडात ब्यूहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल विचारलं, सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. कामाचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत होईल असंच धरतो, अकरा हाका धरतच नाही. त्यामुळे एक नियमच केला, तिने म्हटलेल्या मिनिटांची दुप्पट धरूनच बेत आखायचा. सुरुवातीला तिला ते फार मनाला लागलं, कारण मग यादीतली अर्धी कामं गाळावी लागतात. पण जी राहिली ती संध्याकाळपर्यंत होऊ लागली.

आणि याच मोजमापातून अकाऊंट्समधल्या 31 चं कारणही सापडलं. तिला पेपर अवघड गेला नव्हता, पूर्ण झाला नव्हता! शेवटचे दोन प्रश्न हातही न लावता राहिले. तीन तास म्हणजे 180 मिनिटं, मार्क 100, एका मार्काला पावणेदोन मिनिटांच्या जरा वर, म्हणजे 20 मार्कांच्या प्रश्नाला 36 मिनिटं. (अकाऊंट्स आणि लॉच्या पेपरला सुरुवातीला 15 मिनिटं वाचायला मिळतात, त्यात क्रम ठरवता येतो, तोही ती ठरवत नव्हती.) घरी ती 20 मार्कांचं फायनल अकाऊंट्स कधीच सलग बसून सोडवत नव्हती, त्यामुळे 36 मिनिटं किती असतात हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

इथे पोमोडोरोबद्दल. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी, 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून सुरू केलेली पद्धत. ती आधी हेच वापरत होती आणि वाचन किंवा पाठांतराला ते चांगलंच आहे. पण अकाऊंट्सला माझ्या मते ते नडतं, ट्रेडिंग अकाऊंट संपून बॅलन्स शीटला हात घालायचा आणि बेल वाजते, परत आल्यावर कुठली ॲडजस्टमेंट राहिली ते शोधत बसायचं. म्हणून तिचे तुकडे आम्ही 36 मिनिटांचे केले. पेपरचाच तुकडा, मध्ये थांबायचं नाही, 36 व्या मिनिटाला पेन खाली, जिथे असेल तिथे.

आता मामी. रविवारी दुपारी डबे नसतात तेव्हा बसलो. ती अकरा हाकांवाली नोंद मामीला वाचून दाखवली, आरोप म्हणून नाही, आधीच सांगितलं की हे फक्त काय घडलं ते आहे. मामी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, मला वाटायचं एक मिनिटाचं तर काम आहे." आणि ते खरंच एक मिनिटाचंच असतं, मामीच्या बाजूने. मुलीच्या बाजूने ते गणित परत पहिल्यापासून. हे मामीला कोणी कधी दाखवलंच नव्हतं, कारण मुलगी उलट बोलायची नाही आणि मनातल्या मनात चिडून फोन उघडायची. तिचा फोनवरचा बराचसा वेळ असाच हाक संपल्यानंतरचा होता, हेही वहीतच दिसत होतं.

ठरलं ते असं. घरकाम कमी नाही, एकत्र. संध्याकाळी सहा ते साडेसात ती पूर्ण मामीची, डबे, पाणी, पाव, कुकर, सगळं, पुस्तक उघडायचंच नाही. आठ ते साडेनऊ हाक मारायची नाही, काही आठवलं तर मामीने फ्रीजवरच्या कागदावर लिहायचं. भावाचा होमवर्क मामाकडे, ज्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा, बाकी दिवस त्याने स्वतः करायचा. आठवीतला मुलगा आहे, अपूर्णांक आणि झाकणं दोन्ही त्याला जमायला हवं. हे मी जरा जोर देऊनच बोलले आणि मामी हसली, पण त्यानंतर डब्यांची झाकणं तो पुसतो.

मोठा बदल दुपारी झाला. कॉलेज साडेअकराला सुटतं, ती धावत पळत गाडी पकडून एकपर्यंत घरी, कारण भाऊ शाळेतून येतो आणि दार उघडायला कोणीतरी हवं, मामी त्या वेळी डबे पोचवायला बाहेर. मग जेवण, झोप, की चार वाजायचे. आता चावी शेजारच्या काकूंकडे ठेवतात. तेवढंच केलं. त्या एका चावीने रोजचे जवळपास दोन तास मोकळे झाले, ती डबा घेऊन कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये बारा ते दोन बसते, पंखा आहे, शांत आहे, हाक नाही, 36 मिनिटांचे दोन तुकडे आणि वर थोडं लॉ. दोननंतर गाडीलाही गर्दी कमी असते.

प्रवासाच्या 18 तासांवर सगळ्यांचा डोळा असतो, ट्रेनमध्ये अभ्यास कर ना. तिने जर्नल एंट्र्या लिहायचा प्रयत्न केला होता, डुलत्या गाडीत मांडीवर वही, अक्षर बघवत नाही. जाताना गाडी टिटवाळ्याहूनच सुटणारी मिळाली तर बसायला मिळतं, तेव्हा लॉचं एक कलम डोळे मिटून मनात म्हणायचं, अडलं तर चिठ्ठी बघायची, बस एवढंच. येताना लेडीज डब्यात तिच्या मैत्रिणी असतात आणि तिथे ती हसते-बोलते, ते तास मी अजिबात हात न लावता सोडले. पहाटे पावणेपाचला उठणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला दिवसात तेवढं तरी हवं. आणि अंगारकीच्या दिवशी टिटवाळा स्टेशनवर उभं राहायलाही जागा नसते, त्या दिवशी कोणी अभ्यासाची अपेक्षाच ठेवू नये.

फोनचं फार काही केलं नाही. लेक्चर आधी डाऊनलोड करून डेटा बंद, टेलिग्रामचा डाउट ग्रुप म्यूट, आपला डाउट वहीत लिहून रविवारी एकदम विचारायचा. लेक्चरसाठी मात्र नियम कडक केला : आधी आयसीएआयच्या, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, मॉड्यूलमधलं (अभ्यासाच्या पुस्तकातलं) गणित स्वतः करून बघायचं, अडलं तरच त्या टॉपिकचं लेक्चर, तेही एकदाच.

मग कॅलेंडर. फाउंडेशन आता वर्षात तीनदा होते, जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. सप्टेंबर अगदी तोंडावर होता, तो सोडला, जानेवारी धरला. मागून मोजत आलो आणि सगळ्यात आधी सण लिहिले. गणपतीला चिपळूणकडे गावी पाच दिवस, नवरात्रात मामीला उपासाच्या डब्यांची ऑर्डर म्हणजे हातभार जास्त, ऑक्टोबरमध्ये कॉलेजची सेमिस्टर, दिवाळीचा फराळ. या सगळ्या दिवसांवर शून्य लिहिलं. आधी ती या दिवसांतही तीन-तीन तास लिहायची, मग व्हायचे नाहीत, मग अपराधी वाटायचं आणि गावाहून आल्यावर चार दिवस पुस्तक उघडवत नसे. शून्य लिहिल्यावर गावाला ती निवांत आरतीला उभी राहिली आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी रीडिंग रूममध्ये होती.

दुसरा आठवडा गणपतीनंतर लिहून काढला. हाताने सोडवणं 5 वरून 14. लेक्चर 16 वरून 9. फोन 15 वरून 11. झोप 46. म्हणजे एकूण अभ्यास 21 चे फक्त 23 झाले, दोन तास वाढले, बस! मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच आहे, कारण पोरं आणि पालक दोघंही तास वाढवायच्या मागे लागतात, झोप कापतात, मित्र तोडतात, आणि आहे त्या तासांत हाताने काय चाललंय ते कोणीच उघडून बघत नाही.

सगळं सरळ गेलं नाही. नवरात्रात आठ ते साडेनऊची कबुली मोडली, मोडणारच होती. मॅथ्सला ही पद्धत नीट लागू झाली नाही, तिथे अडचण वेळेची नव्हतीच, लॉगॅरिदम आणि रेशो कच्चे होते, त्याला रविवारचे दोन तास कॉलेजमधल्या एका मैत्रिणीकडे बसून आठवीनववीच्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. मॅथ्स आणि इकॉनॉमिक्सला चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तर येत नसलं की अंदाजाने ठोकून द्यायची सवय मोडायलाही वेळ लागला. डिसेंबरमध्ये आयसीएआयच्या मॉक पेपरांवर ती घड्याळ लावून बसली तेव्हा चारही मिळून बरोबर 200 झाले, म्हणजे अगदी काठावर, आणि घरात सगळ्यांचा जीव टांगणीला.

जानेवारीत अकाऊंट्सचा पेपर तिने पूर्ण लिहिला, शेवटची सात मिनिटं तपासायला उरली होती असं बाहेर येऊन फोनवर सांगितलं. निकालात चारही पेपर निघाले, एकूण 216, मॅथ्सला 43.

आता इंटरमिजिएट आहे, सहा पेपर, दोन ग्रुप, आणि बीकॉमचं पुढचं वर्ष. लेक्चरचे तास तिथे भरमसाट वाढतात, आणि दोन्ही ग्रुप निघाल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, लागली की दुपारची रीडिंग रूम संपेल. तिने नवीन वहीत परत एक आठवडा लिहायला घेतलाय, या वेळी मी सांगायच्या आधीच. रविवारचा मात्र अजून काही पत्ता लागत नाही, पाहुणे, बाजार, पुढच्या आठवड्याची भाजी निवडणं, संध्याकाळी वही उघडली की दुपारचे चार तास तिला आठवतच नाहीत. पुढच्या वेळी टिटवाळ्याला गेले की मामीसोबत बसून तो एक दिवस बघायचाय.